सात शनिवार-रविवार आणि एक टर्बो इंजिन: प्रकल्प नोंदी

गाडी १.४ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये). मीटर १,१२,३४०. मी तिचा तिसरा मालक. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जी दुखणी आहेत ती एका कंपनीची नाहीत. याच धाटणीची इंजिनं आज बऱ्याच गाड्यांत आहेत आणि ती साधारण याच ठिकाणी दुखतात.

तक्रारी तीन. सकाळी थंड स्टार्टला एक सिलिंडर झोपल्यासारखा वागतो, गाडी दीड-दोन मिनिटं थरथरते आणि मग सरळ होते. दर १,५०० किमीला लिटरभर ऑइल पितं. आणि स्टार्ट होताना दोन सेकंद खडखडाट. एका ठिकाणी दाखवली तर दहा मिनिटांत निकाल मिळाला: "रिंगा गेल्या, चेन ताणली. इंजिन उतरवावं लागेल. ही नवी टर्बो इंजिनं लाखाच्या पुढे टिकतच नाहीत." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, आणि चेन म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारी टायमिंग चेन. त्याने बॉनेट उघडून बघितलं होतं, स्कॅनर लावला नव्हता. ते शेवटचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात रुतलं. म्हटलं, उघडून बघू या नक्की काय टिकत नाही ते.

मदतीला मेहुणा. हत्यारं: साधा सॉकेट सेट, टॉर्क रेंच, मोबाइलला जोडायचा ५.५ मिमीचा नळी-कॅमेरा, कॉम्प्रेशन गेज आणि लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर. मी मेकॅनिक नाही. ते पुढे दिसेलच.

६ जानेवारी, शनिवार (२ तास)

स्कॅनर लावला. कोड तीन: पी०३००, पी०३०२, पी०१७१. म्हणजे मिसफायर (मिश्रण नीट न पेटणं), त्यातही सिलिंडर २ मध्ये, आणि मिश्रण पातळ, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. चेनशी संबंधित पी००१६ कुठेच नाही, हे तेव्हाच ठळक लिहून ठेवायला हवं होतं.

लाइव्ह डेटात लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवून देतोय तो आकडा, आयडलला (पेडल न दाबता) +१७ टक्के, आणि २,५०० आरपीएमवर धरून ठेवलं की +४. मी आकडे वहीत उतरवले आणि वही बंद केली. खरं तर तिथेच निम्मं निदान झालं होतं. आयडलला ट्रिम खूप वर आणि रेस केल्यावर जवळजवळ ठीक, म्हणजे कुठूनतरी चोरून हवा येतेय. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यामुळे चोरीची हवा तिथे मोठी दिसते. रेस केल्यावर ती एकूण हवेत विरून जाते. पण मिसफायर म्हटलं की माझ्या डोक्यात ठिणगी पाडणारे प्लग आणि त्यांना वीज देणाऱ्या कॉइल एवढंच येतं.

७ जानेवारी, रविवार (३ तास, सगळे वाया)

चार नवे प्लग, चार नव्या कॉइल. टर्बोला गॅप कमी लागतो म्हणून ०.७ मिमी तपासून बसवले. जुने प्लग बऱ्या स्थितीत होते, फक्त दोन नंबरचा काळवंडलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थरथर जशीच्या तशी.

हे उलट्या क्रमाने झालं. आधी दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर टाकायची, गाडी चालवायची, कोड बघायचा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब, पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. पंधरा मिनिटं, खर्च शून्य. हे मी पैसे गेल्यावर, जुन्या कॉइल परत लावून केलं. कोड दोनवरच राहिला.

१३ जानेवारी, शनिवार (४ तास)

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. इंजिन गरम केलं, मग इंधन पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ही पायरी गाळायची नाही. जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत पडतं त्या पद्धतीच्या) रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, तीन-चार बार दाब असतो, इथे लोड आला की २०० बारच्या घरात जातो. एवढ्या दाबाच्या पेट्रोलची बारीक धार कातडीच्या आत शिरते. स्कॅनरवर रेलचा दाब उतरलेला डोळ्यांनी बघितला आणि मगच पुढे. त्यानंतर चारही प्लग बाहेर, कॉइलचे कनेक्टर सुटे.

पहिल्या फेरीत आकडे आले ८.१, ७.६, ८.०, ८.२ बार. मी पायरीवर बसलो. रिंगा गेल्या, तो माणूस बरोबर होता, वगैरे.

मेहुण्याने विचारलं, "दाजी, चारही सिलिंडर एकसारखे कसे मेले?"

प्रश्न योग्य होता. थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बंद होता. हवाच आत जात नव्हती, तर दाब कशाचा येणार? तो आत बसला, ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवून धरला आणि स्टार्टर फिरवला. आता १२.३, ११.४, १२.२, १२.४. दोन नंबर जरा खाली, पण मेलेला नक्कीच नाही. रिंगा, पिस्टन, बोअर, म्हणजे ज्यासाठी इंजिन उतरवायचं होतं तो सगळा भाग चालू स्थितीत. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यातल्या होनिंगच्या तिरप्या रेघा अजून स्पष्ट होत्या. १,१२,००० किमीनंतर हे बघून बरं वाटलं.

१४ जानेवारी, रविवार (२ तास)

आज वही उघडली आणि ते +१७ पुन्हा दिसलं.

इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायला गेलो. उघडेना. आतून कोणी ओढून धरल्यासारखं. जोर लावून उचललं तर फुस्स आवाज झाला आणि इंजिन गडबडलं. झाकण टेकवलं की बारीक शिट्टी. ही शिट्टी मी वर्षभर ऐकत होतो आणि बेल्टचा आवाज समजत होतो.

क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, थोडासा व्हॅक्यूम असणं बरोबर आहे, इतका नाही. हेडवरच्या (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागावरच्या) प्लास्टिक कव्हरमध्ये पीसीव्ही व्हॉल्व्हचा रबरी पडदा असतो. पोटात साचणाऱ्या वायूला तो बेताबेताने इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेकडे, सोडतो. वरची बारीक टोपी स्क्रूड्रायव्हरने उचकटली. पडद्याला अर्धचंद्रासारखी चीर, अंगठ्याच्या नखाएवढी. रबर दुमडलं की कडेने आणखी भेगा पडत होत्या.

या एका चिरेने तीन कामं केली होती. बाहेरची हवा आत घेतली, म्हणून मिश्रण पातळ. क्रँककेसवर इनटेकचा पूर्ण व्हॅक्यूम लावला, म्हणून ऑइलचा धूर-फवारा ओढला गेला आणि ऑइल 'पिऊ' लागलं. तिसरं काम काय केलं ते आठवड्याने कळलं.

एक राग इथे नोंदवतो. पडदा तळहाताएवढाही नाही, पण तो सुटा मिळत नाही. कव्हरमध्येच साचेबद्ध बसवलेला असल्यामुळे अख्खं कव्हर घ्यावं लागतं. बाजारात नुसते पडदेही मिळतात, पण टोपीच्या कडा कापून चिकटवाव्या लागतात. मी कव्हरच मागवलं.

२० जानेवारी, शनिवार (४ तास)

कव्हर बसवलं. बोल्ट मधून बाहेर, गोल फिरत, दोन टप्प्यांत आवळले. प्लास्टिक कव्हर एका कोपऱ्याकडून आवळत गेलं की वाकतं आणि महिन्याभरात ऑइल गळायला लागतं, हे आधीच वाचलं होतं म्हणून वाचलो.

अर्धा तास चालवल्यावर ट्रिम आयडलला +३. शिट्टी गायब. झाकण दोन बोटांनी उघडतं.

थंड स्टार्टची थरथर कमी झाली, पण गेली नाही. दोन नंबरचा मिसफायर काउंटर पहिल्या मिनिटात ४० च्या पुढे जायचा, आता १५-२०. म्हणजे अजून काहीतरी आहे.

२१ जानेवारी, रविवार (६ तास)

व्हॉल्व्ह बघायला इनटेक मॅनिफोल्ड (चारही सिलिंडरना हवा वाटणारा नळ्यांचा भाग) उतरवायचा दिवस. वरचे सगळे बोल्ट निघाले तरी मॅनिफोल्ड हलेना. दोन तास इकडून-तिकडून हलवलं, शेवटी चिडून एका सेन्सरच्या कनेक्टरची कडी मोडली. मग कॅमेरा खाली घातला तेव्हा दिसलं: खालच्या बाजूला ब्लॉकला धरणारा एक आधाराचा बोल्ट, हाताला लागतो पण डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा आणि बोल्ट मोजा. निघालेले आणि छापलेले जुळले नाहीत तर ओढू नका.

मॅनिफोल्ड निघाला आणि टॉर्च आत मारली. व्हॉल्व्हची दांडी पेन्सिलपेक्षा बारीक असते हे मला माहीत होतं. इथे ती अंगठ्याएवढी दिसत होती. काळा, खवल्यांचा थर, झाडाच्या सालीसारखा, आणि सालीच्या भेगांत ओलसर ऑइल चमकतंय. नखाने दाबलं तर दबेना. एक, तीन आणि चारवर थर होता, पण दोन नंबरवर पोर्टची, म्हणजे व्हॉल्व्हकडे हवा नेणारी, निम्मी वाट बुजलेली. पीसीव्हीची नळी मॅनिफोल्डमध्ये कुठे उघडते ते पाहिलं: बरोबर दोन नंबरच्या तोंडाशी. पडद्याचं तिसरं काम ते हे.

थोडं कारण सांगतो आणि पुढे जातो. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायचं आणि ती धुऊन निघायची. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे पाठ धुवायला कोणीच नाही आणि ऑइलची वाफ गरम व्हॉल्व्हवर भाजून बसते. १९९६ मध्ये मित्सुबिशीने हे तंत्र रोजच्या पेट्रोल गाड्यांत आणलं, तेव्हापासून ही गोष्ट त्याला चिकटलेली आहे. टोयोटाच्या डी-४एस पद्धतीत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात, पोर्टमध्येही आणि सिलिंडरमध्येही, त्यामुळे तिथे व्हॉल्व्ह धुतले जातात. पेट्रोलच्या टाकीत ओतायची क्लीनरची बाटली आमच्यासारख्या इंजिनात इंजेक्टर साफ करत असेल, व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत ती पोचणारच नाही. अशा दोन बाटल्या मी गेल्या वर्षी ओतल्या होत्या.

पाइप सुटेच होते म्हणून टर्बोही पाहून घेतला. मेहुण्याने चाक दोन बोटांत धरून डावं-उजवं हलवलं आणि घाबरला, "दाजी, हे डुगडुगतंय." डावं-उजवं थोडं हलणारच. इंजिन बंद असताना बेअरिंगमध्ये ऑइलचा थर नसतो, चालू असताना तोच थर दांडी मध्यावर धरतो. आत-बाहेर ओढून बघायचं, तिथे हाताला हालचाल जाणवता कामा नये. जाणवली नाही. पाती घराला घासल्याच्या खुणा नाहीत. टर्बो पास.

२७ जानेवारी, शनिवार (७ तास, बहुतेक वाया)

स्वस्तातला उपाय आधी: कार्बन क्लीनरचा स्प्रे, पितळी ब्रश, प्लास्टिकची खरवड. स्प्रे मारायचा, अर्धा तास मुरू द्यायचा, घासायचं, चिंधीने टिपायचं, पुन्हा मारायचा. यासाठी त्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद पाहिजेत, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला आणून ठेवला.

दोन नंबरवर चार तास घासून एका व्हॉल्व्हचा निम्मा भाग साफ झाला. दरम्यान लक्षात आलं की पोर्टमध्ये साचलेलं क्लीनरचं काळं पाणी कमी होतंय. मी टिपत नव्हतो, तरी कमी होतंय.

पिस्टन वरच्या टोकाला चार स्ट्रोकमध्ये दोनदा येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद. एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनटेक उघडायला लागलेला असतो. मी दुसऱ्यावर उभा होतो. क्लीनर आणि कार्बनचे कण सरळ सिलिंडरमध्ये गेले होते.

तसंच बसवून स्टार्टर मारला असता तर पिस्टनवर द्रव अडकून कनेक्टिंग रॉड वाकला असता. मग खरंच इंजिन उतरवावं लागलं असतं आणि दोष अर्थातच 'नव्या तंत्रज्ञानाचा' ठरला असता.

२८ जानेवारी, रविवार (४ तास)

कालची घाण निस्तरली. चारही प्लग काढले. प्लगच्या भोकातून बारीक नळी घालून दोन नंबरमधला द्रव सिरिंजने ओढला, जवळपास ३० मिली. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे. क्रँक नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) सैल पडून चेनचा दात सुटू शकतो. प्लगच्या भोकावर धरलेल्या फडक्यावर थोडे थेंब आले. पुन्हा कॅमेरा: पिस्टनवर डाग, पण कण नाहीत. रिंगांवाटे क्लीनर खाली उतरलेला असणार म्हणून ऑइल काढून टाकलं.

कॉम्प्रेशनचं वरचं टोक ओळखायची सोपी युक्ती, जी कालच करायला हवी होती: प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवा. अंगठा आतून ढकलला जातोय तो फेरा कॉम्प्रेशनचा.

३ फेब्रुवारी, शनिवार (८ तास) आणि ४ फेब्रुवारी, रविवार (५ तास)

अक्रोडाच्या कवचाचा भुगा. हवेच्या दाबाने तो पोर्टमध्ये मारायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या नळीने व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यायचा. कवच कार्बन फोडण्याइतकं टणक असतं, पण धातूला ओरखडत नाही. वाळू किंवा काचेचा भुगा इथे कधीही वापरू नका. एक कण आत राहिला तरी बोअर गेला.

पोर्टच्या तोंडावर बसेल असा अडॅप्टर विकत मिळतो. मी प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा गरम करून दाबून चपटा केला आणि जुन्या ट्यूबचं रबर लावलं. दुसऱ्या प्रयत्नात बसला. पहिला वितळला.

अडचण अडॅप्टरची नव्हतीच, कॉम्प्रेसरची होती. ५० लिटरची टाकी. ६ बारला सुरुवात करायची, वीस सेकंदांत ३ बारवर यायचं, मग तीन मिनिटं थांबायचं. वर टाकीतलं पाणी हवेबरोबर येऊन भुगा ओला झाला आणि बंदूक तुंबली. तासभर ती उघड-मीट करण्यात गेला. शेवटी हवेच्या वाटेत पाणी पकडणारा फिल्टर लावला आणि भुगा उन्हात वाळवला. हे काम करणार असाल तर मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर दिवसभर भाड्याने घ्या. माझा दीड दिवस अर्ध्या दिवसात झाला असता.

क्रम १-३-४-२, फायरिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात तसा. एक नंबर अंगठ्याने कॉम्प्रेशनवर आणला, साफ केला. क्रँक अर्धा फेरा, तीन. अर्धा फेरा, चार. अर्धा फेरा, दोन. दर वेळी अंगठ्याची खात्री. ज्या पोर्टवर काम चालू नाही ते चिंध्यांनी बंद, आणि चिंध्या मोजून: तीन आत, तीन बाहेर. वहीत खुणा केल्या आहेत, हसू नका.

भुगा एकूण सहा किलो लागला. चष्मा आणि मास्क असूनही दोन दिवस कानातून काळं निघत होतं. शेवटी हवेने फुंकून, व्हॅक्यूमने ओढून, कॅमेऱ्याने प्रत्येक व्हॉल्व्हच्या मागे बघितलं. तीनच्या व्हॉल्व्हच्या गाइडपाशी (दांडी धरणाऱ्या नळीपाशी) एक दाणा अडकला होता, चिमट्याने काढला. साफ झालेला व्हॉल्व्ह राखाडी, सपाट, त्यावर कारखान्याचा नंबर वाचता येतो. तो नंबर दिसल्यावर मेहुण्याने फोटो काढून घरात सगळ्यांना दाखवला. कोणालाही काही वाटलं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार (९ तास)

जोडणी. नवं गॅस्केट, मोडलेल्या कनेक्टरला नवी कडी. मॅनिफोल्डचे बोल्ट एम६, टॉर्क ९ न्यूटन-मीटर. सात बोल्ट टॉर्क रेंचने. आठव्याला रेंच पोचेना म्हणून अंदाजाने साध्या पान्याने आवळला. 'अजून थोडा' म्हणून हात फिरवला आणि बोल्ट एकदम हलका झाला. हेड ॲल्युमिनियमचं. आटे गेले.

चार तास त्यात गेले. मॅनिफोल्ड पुन्हा खाली. पोर्ट चिंध्यांनी बंद, ड्रिल आणि टॅपवर ग्रीस थापून, म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो. तारेच्या स्प्रिंगसारखी हेलिकॉइल बसवली. आता तो बोल्ट बाकीच्यांपेक्षा पक्का आहे. ९ न्यूटन-मीटर म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. आवाक्यात न येणाऱ्या बोल्टसाठी लांब एक्स्टेंशन आणि गुडघ्याचा जॉइंट आधी आणून ठेवा.

ऑइल एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाचं भरलं. हा दर्जा मे २०२० पासून आहे. लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जोरात पेडल दाबलं की कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधला कॅल्शियमचा अंश त्याला हातभार लावतो असं दिसल्यावर ऑइलचे मसाले बदलले गेले. एसपीच्या चाचण्यांत टायमिंग चेनची झीजही धरली आहे. बाटलीवर फक्त ग्रेड बघून ऑइल घेण्याची माझी सवय इथे सुटली. फिल्टर मात्र आधी होता तसाच, त्याच प्रकारचा घेतला. ही चूक पुढच्या आठवड्यात लागली.

स्टार्ट. १,४०० आरपीएमवर अडकलं. छाती धडधडली, पण थ्रॉटल बॉडी साफ केल्यामुळे कॉम्प्युटरला जुना अंदाज लागू पडत नव्हता इतकंच. स्कॅनरवरून थ्रॉटल ॲडाप्टेशन केलं, ७५० वर आलं.

११ फेब्रुवारी, रविवार (१ तास)

रात्रभर गार झालेलं इंजिन. किल्ली फिरवली. मिसफायर काउंटर चारही सिलिंडरना शून्य. पाच मिनिटं बघत बसलो, शून्य. नंतर गरम करून कॉम्प्रेशन घेतलं, दोन नंबर १२.०. म्हणजे त्या व्हॉल्व्हच्या बैठकीवरही कार्बन होता.

दोन सेकंदांचा खडखडाट मात्र तसाच.

१७ आणि १८ फेब्रुवारी (४ तास)

चेन. किट मी जानेवारीतच घेऊन ठेवला होता: चेन, टेन्शनर, गाइड (चेन ज्यावर सरकते ती पट्टी), सील. पहिल्या दिवशीच्या निदानाचा पगडा. किमतीला ते कव्हर आणि चार कॉइल मिळून होतील त्यापेक्षा जास्त.

उघडायच्या आधी तीन गोष्टी पाहिल्या. पी००१६ नाही. स्कॅनरवर कॅम आणि क्रँकमधला फरक १.८ अंश, मॅन्युअलच्या मर्यादेच्या बराच आत. तिसरी, या इंजिनाच्या पुढच्या कव्हरवर एक रबरी बूच आहे, ते काढलं की टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय ते खाचा मोजून कळतं. मर्यादेला दोन खाचा बाकी. चेन ताणलेली असती तर हे तिन्ही असे दिसले नसते.

मग आवाज कशाचा? गाडी तासाभराने पुन्हा स्टार्ट केली तर आवाज नाही. रात्रभर उभी राहिली तरच. म्हणजे काहीतरी रात्रभरात रिकामं होतंय. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल खाली उतरलं की स्टार्टला दाब येईपर्यंत चेन सैल, आणि ती गाइडवर आपटते.

ऑइल फिल्टरमध्ये एक रबरी चकती असते, ऑइल मागे उतरू न देणारी. मागच्या आठवड्यात काढलेला जुना फिल्टर करवतीने कापला. चकती पुठ्ठ्यासारखी कडक. त्याच प्रकारचा एक कोरा फिल्टर घेतला, मधल्या भोकात नळीचा तुकडा घट्ट धरून फुंकर मारली. कडेच्या भोकांतून हवा भसकन बाहेर. मग गाडीच्या कंपनीने सांगितलेला फिल्टर आणून तशीच फुंकर मारली. गाल फुगले, हवा गेली नाही.

तो बसवला. सोमवारी सकाळी आवाज नाही. मंगळवारी नाही. बुधवारी अर्धा सेकंद, नंतर आठवडाभर नाही.

२३ मार्च, शनिवार

ऑइलचा हिशेब. पद्धत: सपाट जागा, तीच जागा, सकाळी थंड इंजिन, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत २०० मिलीच्या मापाने भरणं. आधी १,५०० किमीला लिटर. आता १,५०० किमीला २५० ते ३०० मिली. जे उरलं ते रिंगांचं किंवा टर्बोचं असेल. डाउनसायझिंगमध्ये (लहान इंजिनातून मोठ्याची ताकद काढण्यात) घर्षण कमी करायला रिंगा हलक्या ताणाच्या असतात आणि ऑइल खरवडणाऱ्या रिंगेची बारीक छिद्रं तुंबली की ऑइल वर राहतं. एवढ्यासाठी मी हेड उतरवणार नाही.

दुसरी बाजू सांगायला हवी. मागचे दोन मालक १५,००० किमीला ऑइल बदलत होते, पुस्तिकेत तेच लिहिलंय. त्याच पुस्तिकेत मागच्या पानावर बारीक अक्षरात 'कठीण वापर' असेल तर अंतर कमी करा असंही आहे, आणि कठीण वापरात रोजच्या पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या येतात. थंड इंजिनात पेट्रोल रिंगांवाटे ऑइलमध्ये उतरतं, आणि इंजिन पुरतं तापलं नाही तर उडून जात नाही. मी ७,५०० ला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, बदलतोय.

१५ जून, शनिवार

मीटर १,२०,६००. मॅनिफोल्ड न काढता थ्रॉटलच्या वाटेने कॅमेरा घातला. दोन नंबरवर तपकिरी पातळ थर, बोटाने पुसला जाईल असा. बाकीच्यांवर त्याहून कमी. कॅम-क्रँक फरक १.९ अंश. ट्रिम +२.

तासांचा हिशेब: फेब्रुवारीपर्यंत ५९ तास, त्यातले २२ माझ्या चुकांचे. विनाकारण घेतलेलं सामान: चार कॉइल, चेनचा किट आणि दोन बाटल्या. खरोखर लागलेलं: एक कव्हर, एक गॅस्केट, एक हेलिकॉइल, ऑइल, फिल्टर, सहा किलो भुगा.

मागच्या आठवड्यात मेहुण्याने चेनचा किट विकून टाकू या म्हटलं. मी नको म्हटलं. टेन्शनरच्या दोन खाचा बाकी आहेत, १,३५,००० ला पुन्हा बूच काढून मोजायच्या आहेत. तोवर डबा फळीवर आहे, त्यावर तारीख लिहून ठेवली आहे.